नावावरच्या गाड्या

जेवणाऱ्या माणसापुढे कागद सरकवू नये, एवढीही रीत अक्कांच्या थोरल्याला राहिली नव्हती. आईचा घास तोंडात, हात खरकटा, आणि हा ताटाशेजारी कागद ठेवून म्हणणार, "इथे एक सही कर." वाचून दाखव म्हटलं की म्हणणार, "विम्याचं आहे गं." अक्कांची शाळा दुसरीतच सुटली होती, पण माणूस वाचायला शाळा लागत नाही. विम्याच्या कागदासाठी कुणी आईची नजर चुकवत नाही.

"ठेव तिथे. हात धुते, मग बघते," असं म्हणून त्यांनी तो कागद सरळ गादीखाली घातला.

त्यांना आधीच एक घोर लागलेला होता. त्यांचा धाकटा भाऊ, थोरल्याचा मामा, तीन महिने झाले खुर्चीत बसून होता. जन्मभर शिलाईयंत्रावर बसून कपड्यांपेक्षा गप्पाच जास्त शिवल्या त्याने. एके सकाळी खिडकीपाशी बसला तो उठलाच नाही. डोळे उघडे, श्वास चालू, भरवलं तर गिळायचा. डॉक्टर म्हणाले, काही सापडत नाही. अक्का म्हणाल्या, सापडत नाही म्हणजे तुम्ही नीट शोधलं नाहीत.

मग एकदा भावजय दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, हसू नका. पंधरा दिवसांनी एकदा जागे होतात. मंगळवारी, ठोक्याला अकरा वाजता. दहाच मिनिटं."

"घड्याळ लावून? जन्मात कुणाचा कपडा वेळेवर दिला नाही त्याने."

तरी त्या मंगळवारी त्या दहालाच जाऊन भावासमोर बसल्या. सकाळचं ऊन फरशीवर पडलं होतं. अकराला आधी त्याच्या अंगात बारीक थरथर उठली. दात एकमेकांवर वाजले. मग खोल कुठून तरी खोकला आला आणि त्याने मान वळवली.

"अक्का, कधी आलीस?"

"तू कुठे असतोस ते आधी सांग."

"ऊन फार लागतं गं तिथे. सावलीच नाही." त्याने ओठ चाटले. "पुढे पांढरी, मागे पांढरी. बाजूला बघायचं म्हटलं तर मान वळत नाही."

"काय पांढरी?"

तो उठला, खुर्ची वीतभर पुढे सरकवली, आणि जरा कलून बसला. "आता ही बाजू दुखायची नाही," म्हणाला. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचे डोळे खिडकीबाहेर खिळले ते तिथेच राहिले.

अक्का खाली वाकल्या. फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे होते. सहा वेळा सरकलेले, दर खेपेला एकेक वीत. भावजयीने त्याच्या मांडीवरचं पांघरूण बाजूला केलं. मांडीची खालची बाजू फळीसारखी सपाट झाली होती.

त्या रात्री थोरला जेवायला बसल्यावर अक्कांनी सहज विचारावं तसं विचारलं. थोरला मोटारींच्या कंपनीत होता. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाड्या ज्या मैदानात ठेवतात, तिथला साहेब.

"खप नाही म्हणतोस. मग त्या उभ्या गाड्यांचं करता काय?"

कामाचं विचारलं की तो खुलायचा. "गाडी नुसती उभी राहिली की मरते, आई. बॅटरी उतरते, टायर एका बाजूने बसतो, सपाट होतो. म्हणून पंधरा दिवसांनी फेरी असते. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, आणि गाडी वीतभर पुढे घ्यायची. टायरची बाजू बदलते."

"कुठल्या वारी?"

"मंगळवारी. अकराला."

अक्कांनी पुढचा घास घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी थोरला कामावर गेल्यावर त्यांनी गादीखालचा कागद काढून सुनेपुढे टाकला. "वाच. आणि एकही शब्द गाळायचा नाही."

सून वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. तो गाडी नावावर करण्याचा कागद होता. पांढरी गाडी, नवी, मालक म्हणून अक्कांचं नाव. सुनेला बाकीचंही ठाऊक होतं, फक्त सांगायचं धाडस नव्हतं. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, पण कारखाना थांबवायचा नव्हता. मैदान भरलं, मग पलीकडची बंद पडलेली विमानांची धावपट्टी घेतली, तीही भरली. वरून हुकूम आला की विक्री घटलेली दिसता कामा नये. तेव्हापासून न विकलेली गाडी कुणाच्या तरी नावावर चढवायची. कागदावर विकली, जागेवर उभी. आधी नोकरांची नावं लावली, ती संपल्यावर नातेवाइकांची.

"मामाचं नाव आहे त्यात?"

"नातेवाइकांत सगळ्यात आधी मामांचंच दिलं यांनी," सून म्हणाली.

पुढच्या फेरीच्या मंगळवारी अक्का रिक्षा करून मैदानावर गेल्या. नजर पोचेल तिथवर पांढऱ्या गाड्या, बंपरला बंपर लावून. बॉनेटवर कारखान्याची प्लॅस्टिकची झिल्ली तशीच, उन्हाने पिवळी पडलेली. इतक्या गाड्या असून आवाज कसलाच नव्हता. पाखरूही नव्हतं.

फाटकाशी पत्र्याच्या खोलीत मुकादम बसला होता. अक्कांनी दोनदा हाक मारली. त्याच्या पापण्यांवर धूळ होती.

"त्यांना बरं नसतं," मागून थोरल्याचा आवाज आला. तो धावत आला असावा. "आई, तू इथे कशाला?"

"याच्या नावावर किती?"

"एक. पहिली यांचीच होती."

"मामाची दाखव."

त्याने आढेवेढे घेतले. मग आईचा चेहरा बघून चालू लागला. सतराव्या रांगेत एका काचेच्या आतून कागद चिकटवला होता. अक्षरं अक्कांनी बोट ठेवून लावली. भावाचंच नाव होतं. शेजारी एक कामगार हातात पाना घेऊन उभा होता, आणि त्याच्या हातगाडीत बॅटऱ्या रचलेल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.

"या कशाला काढल्या?"

"या धावपट्टीवरच्या, काल काढल्या. खर्च कमी करायचाय, आजी," कामगार म्हणाला. "आजची फेरी शेवटची. दहा मिनिटं चालवायची, मग बॅटरी काढून गोदामात. पुढे फेरीच नाही."

अक्कांनी थोरल्याला भावजयीला फोन लावायला सांगितला आणि तो हातात घेतला. "त्याच्या कानाला धर," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तळवा गाडीच्या काचेवर टेकला. काच तापलेली होती.

अकराच्या ठोक्याला कामगाराने किल्ली फिरवली. गाडी थरथरली, इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं.

"अक्का," फोनमध्ये भाऊ म्हणाला, "तुझा हात दिसतोय मला."

त्यांनी हात काढला नाही.

"घरी ने गं मला. फाटकाबाहेर काढलं तरी पुरे. मी तिथून—"

"ही बाहेर काढ," अक्का थोरल्याला म्हणाल्या. "आत्ता. मी इथे उभी आहे तोवर."

"पास लागतो, आई. वरून आल्याशिवाय एक गाडी हलवता येत नाही. माझी नोकरी जाईल."

"मामा आहे तुझा."

थोरला मनगटावरचं घड्याळ बघत राहिला. भाऊ फोनमध्ये बोलत होता, घाईघाईने, दुकानाचं, शिलाईयंत्राचं, कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या झग्याचं. दहा मिनिटं झाल्यावर थोरल्याने कामगाराला मान हलवली.

अक्का बॉनेटपुढे आडव्या आल्या. थोरल्याने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं, अगदी सांभाळून.

इंजिन बंद झालं. पाना फिरला.

फोनमध्ये भाऊ एका शब्दाच्या मध्यावर थांबला. नुसता श्वास येत राहिला, मागे भावजयीचं रडणं.

कामगार हातगाडी ढकलत पुढच्या गाडीशी गेला. झिल्ली अजून कोरी होती. काचेतला कागद नवा होता, आणि हे नाव अक्कांना बोट न लावता वाचता आलं.

"मी सही केली नव्हती," त्या म्हणाल्या.

"सही लागत नाही आता." थोरला जमिनीकडे बघत होता. "नाव पुरतं."

नवी गाडी चालवायची गरज नव्हती; कामगाराने सरळ बॉनेट उघडलं.

अक्कांच्या टाचा जड झाल्या. पायाखालचं डांबर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटलं. मान वळवायला गेल्या तर ती अर्ध्यावरच थांबली.

"आजी, सावलीत बसा. खुर्ची आणू?"

"थांब जरा." मग कामगाराला त्यांनी विचारलं, "तुझ्या या साहेबाच्या नावावर किती गाड्या आहेत रे?"

कामगाराने साहेबाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "साहेबांनी एकही घेतली नाही."

पाना नटावर बसला. अक्कांना तो आवाज स्वतःच्या छातीत ऐकू आला. त्या लेकाकडे बघत सावकाश बोलल्या, शब्द मोजून, जणू ते पुरवून वापरायचे असावेत.

"साऱ्या गोताची नावं तुला तोंडपाठ, स्वतःचं तेवढं आठवलं नाही. तू मूर्ख असतास तर पोटात घातलं असतं रे. पण तुला ठाऊक होतं. आण ती खुर्ची. आणि मला फाटकाकडे तोंड करून बसव. रोज येता-जाता तुला माझ्या डोळ्यांसमोरूनच जावं लागेल."