मोडलेला पूल

सकाळी बैठकीचं दालन उघडलं, तेव्हा टेबलावर पुलाचे तुकडे पडले होते.

लाकडी नमुना होता तो. बांधकाम खात्यानं बाहेरून नेमलेल्या सल्लागार बाईंनी बनवलेला, दुपारी मंत्र्यांना दाखवायचा. दालनाच्या किल्ल्या मुख्य अभियंत्याकडे आणि खात्यातल्या जुन्या पूल-अभियंत्याकडे.

दक्षता अधिकाऱ्यानं खालची फळी निरखली. दोन स्क्रू कुणीतरी सावकाश फिरवून काढले होते.

सगळ्यांचा संशय जुन्या अभियंत्यावर.

"राग होता तिच्यावर?"

"पोटात दुखतं माझ्या! मी शिकवलेली पोरगी, आणि माझा पूल तिला. माझा आराखडा मुख्य साहेबांकडे पडून आहे. 'बघू' म्हणाले नुसतं."

"नमुना पाहिलात?"

"मी तिकडे फिरकलोच नाही."

सल्लागार बाईंना अधिकाऱ्यानं स्क्रूची भोकं दाखवली. "इथं काय होतं?"

"पितळी पट्टी. माझं नाव, आणि खाली 'मूळ कल्पना' म्हणून मला शिकवणाऱ्या सरांचं. काल संध्याकाळीच बसवली."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. सरांना चकित करायचं होतं."

मग मुख्य अभियंता.

"काल नमुना पाहिलात, साहेब?"

"छे! झाकलेला होता. त्यानंच मोडलाय, जळतो तिच्यावर."

"एक पट्टी गायब आहे."

"असू दे. तिच्या कामावर त्याचं नाव हवंच कशाला?"

अधिकाऱ्यानं बाकी दोघांना आत बोलावलं.

"नावाचं मी बोललोच नव्हतो, साहेब. खात्यात कुणालाच काम जमत नसेल, तरच बाहेरचा सल्लागार नेमता येतो. तसं तुम्ही लिहून दिलंत, ह्यांचा आराखडा हाती असताना. मंत्र्यांनी पट्टी वाचली असती, तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून पट्टी काढलीत, आणि आळ ह्यांच्यावर यावा म्हणून नमुना मोडलात."

साहेबाचा चेहरा उतरला. मग तो उसळला.

"खुर्ची माझी, आणि प्रत्येक पुलापाशी लोक नाव ह्याचं काढणार! किती वर्षं ऐकायचं मी?"

नियमानं सल्लागाराची नेमणूक रद्द झाली. काम जुन्या अभियंत्याकडे आलं.

तो तुकडे गोळा करत होता. मधली कमान हातात येताच थबकला.

"ही मला सुचली नव्हती," तो म्हणाला. आवाजातली असूया लपत नव्हती. "तुला कशी सुचली गं?"

निघालेल्या बाईंनी पर्स खाली ठेवली.

"कागद द्या, सर. काढून दाखवते."