नेरच्या शिबिराची यादी

"मॅडम, हा कागद माह्या बाचा नोहे."

खिडकीशी पावसात भिजलेला एक तरुण उभा होता. "इथं लिवलं हाय... स्त्री, वय बावीस. बा लाजन ना वाचून!"

मला हसू आलं. त्या दिवसांत ते जवळजवळ बंदच झालं होतं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात येत होती, आणि मी, अनघा, यवतमाळच्या एका संस्थेत शिबिरांतल्या रक्ततपासण्यांची यादी सांभाळत होते.

मी त्याच्याकडची शिबिराची चिठ्ठी घेतली. देवसिंग राठोड, नेर, क्रमांक ०४१७. पडद्यावर मात्र नुसतं ४१७ — तेही दोनदा.

पांढरकवड्याचे क्रमांक तीन आकडी, नेरचे शून्यानं सुरू होणारे. नेरची फाइल मी घाईत डबल क्लिक करून उघडली, तशीच सेव्ह केली. स्प्रेडशीटनं क्रमांकांना साधे आकडे समजून पुढची शून्यं उडवली होती. देवसिंगना 'ठीक' असा मेसेज गेला, तो पांढरकवड्याच्या एका बाईचा निकाल होता. देवसिंगच्या खऱ्या निकालापुढे लिहिलं होतं, 'फवारणी ताबडतोब थांबवा.'

"बाबा कुठे आहेत?"

"वावरात, फवारून राह्यले. काल तुमचा मेसेज आला ना... ठीक म्हनून."

फोन लागेना. मी त्या तरुणाच्या, राजकुमारच्या, मोटारसायकलवर मागे बसले. देवसिंग कपाशीत पालथे सापडले, पंप पाठीवरच.

ते नऊ दिवस दवाखान्यात होते. राजकुमार रोज दुपारी तासभर माझ्याकडे यायचा. मूळ फाइल मी स्प्रेडशीटमध्ये नव्यानं आणली, आणताना क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट', म्हणजे आकडे नव्हे तर मजकूर, ठरवला, तेव्हा शून्यं जागेवर राहिली. तो चिठ्ठ्या वाचायचा, मी पडद्यावर ताडून बघायचे.

"शून्य, दोन, नऊ... मॅडम, तुमी चस्मा काढला का मी आकडा चुकतो."

"मग माझ्याकडे बघू नका."

"मंग वाचाले कायले येऊ?"

हसू यायचं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटायची. आणखी तिघांचे निकाल चुकलेले निघाले. त्या तिघांना वेळेत गाठलं.

दहाव्या दिवशी सकाळी देवसिंग गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी राजकुमारला म्हणाले, "ती फाइल मीच उघडली होती. चूक माझी आहे."

"मले पयल्याच दिवशी समजलं. यादी तुमच्याच हातात होती ना."

"मग रोज... काहून येत होता?"

"घरी बसलो असतो त तुमचा रागच करत बसलो असतो. तो मले नोको होता. पन माह्या याडीले तुमालेच सांगा लागन. मी बाजूले उभा राहीन."

तांड्यावर त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, हंसाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

राजकुमार मला एसटीपर्यंत सोडायला आला. खिडकीची सळई धरून म्हणाला, "जीव हाय माहा तुमच्यावर. पन आता याडीपाशी राहा लागन... किती दिस, ठावं नाई."

"मी येत राहीन. दार उघडलं नाही तरी."

"येऊ नका म्हनलं, त ऐकसान?"

"नाही."

त्यानं माझ्या बोटांवर हात ठेवला. गाडी हलली तसा तो दोन पावलं सोबत चालला.

"मंग म्हनत नाई."