बार्जवर काढलेले बूट

अंकुरचे बूट दारातून हलवायचे नाहीत, हा नेपरव्हिलच्या त्या घरातला नियम. का, ते विचारायचं नाही. वर्षभर ज्ञानदा भावाच्या बुटांना वळसा घालून कॉलेजला जात होती.

२००७ च्या संक्रांतीची रात्र. तिळगूळ वाटून झाला आणि पाहुण्यांची पोरं मोरेश्वरकाकांभोवती जमली.

"माझ्या ओळखीतला एक मुलगा," काकांनी सुरुवात केली, "मिशिगनला एका जुन्या फेरीबोटीची मापं घ्यायला गेला. साधी होडी नव्हे. रेल्वेचे डबे पोटात घेऊन बर्फ फोडत जायची. नाक बर्फावर चढवायचं, वजनानं तो चिरडायचा. पुढे डबे बंद झाले. मग वरचे मजले कापून तिचा बार्ज केला, भंगार वाहायला. इंजिनसुद्धा काढलं."

"काका, नाव घ्या ना त्याचं," ज्ञानदा म्हणाली.

आई हातातल्या हलव्याकडे बघत राहिली. काका पुढे बोलले.

"मुक्काम बार्जवरच. केबिनमध्ये त्यानं गणपती मांडलेला. म्हणून बूट बाहेर काढायचा, घरच्यासारखे. वॉचमन म्हणाला, डेकवर रिकामे बूट ठेवू नकोस. बर्फाखाली गेलेले खलाशी अनवाणी असतात. हा हसला."

"देन व्हॉट?" एका पोरानं विचारलं.

"रात्री बर्फ फुटायला लागला. कडकड... बार्ज जागचा हलला नव्हता. वर पावलं वाजली. यानं दार उघडलं. बूट नव्हते..."

एका पोरानं पाय वर ओढून घेतले.

"सकाळी बर्फावर ठसे. पुढे बुटांचे. मागोमाग नुसत्या सॉक्सचे. बुटांचे परत आले होते. बूट दाराशी, जागच्या जागी. सॉक्सचे मात्र..."

काकांनी चष्मा काढला. "बूट आणायला मीच गेलो होतो."

ज्ञानदाला काहीच वाटलं नाही. वर्षभर वाटलं नव्हतं, तसंच. ती उठली आणि तिनं दारातले बूट उचलले.

"खाली ठेव," आई म्हणाली. "आला तर मागेल."

"आई, तो गेला. उद्या मी हे डोनेट करणार."

"ठेव म्हणतोय ना," काका म्हणाले.

"नाही ठेवणार. भुताखेताचं सांगून तुम्ही सगळे एक वाक्य टाळताय."

सगळे गप्प झाले. झाले एकदाचे, तिला वाटलं. मग कळलं, तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

बूट होते तिथून पुढे, लाकडी फ्लोअरवर, एक ओलं पाऊल उमटलं होतं. टाच दाराकडे, चवडा घराच्या आत. सॉक्सची लोकरी वीण स्पष्ट दिसत होती.