धुळीपासून जपावे

दीपमालाने बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला आणि टेबलाखालच्या सीपीयूमधून लांब सुरात तीनदा आवाज आला... पीं, पीं, पीं.

दुसरं कुणी असतं तर त्याने डब्यावर एक चापट मारली असती. दीपमालाने वही काढली.

ही वही खरं तर मैत्रीच्या तापाची. मैत्री पाच वर्षांची, आणि तिचा जन्मापासूनचा प्रत्येक खोकला या वहीत होता. तारीख, वेळ, लक्षण, उपाय असे चार रकाने. "इतकं तर आमच्या सिस्टरही लिहीत नाहीत," असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. ते कौतुक नव्हतं, पण दीपमालाने तसं समजून रकाने आणखी रुंद केले. आता तिने वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं : 'सोमवार, १०.३२. पडदा काळा. तीन आवाज. पंखा चालू. अंग गार.'

काळजी करायला कारण होतं. मैत्रीचे बाबा तीन वर्षांपूर्वी वेगळे झाले तेव्हा चांगला लॅपटॉप घेऊन गेले आणि हा जुना डबा मागे ठेवून गेले. या डब्यावरच तिला नोकरी मिळणार होती, मिळाली तर. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीला घरी बसून मजकूर तपासणारं माणूस हवं होतं. लेखी परीक्षा झाली होती. शेवटची मुलाखत पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला, कॉम्प्युटरवर, समोर मजकूर ठेवून. ती हुकली तर जूनमध्ये खडकीतल्या या दोन खोल्या सोडून, आईला आणि मैत्रीला घेऊन नागपूरला संजयदादाकडे जायचं होतं. दादाने पलंग लावायची जागासुद्धा मोजून ठेवली होती.

सीपीयूच्या पाठीवर एक जुना स्टिकर होता. 'बद्रीनाथ कॉम्प्युटर्स, बुधवार पेठ. आधी प्लग पाहा, मग फोन करा. दुपारी १ ते ४ फोन करू नये.'

तिने प्लग पाहिला. मग फोन केला.

"बद्रीनाथ," पलीकडून आवाज आला. कोरडा, जाडसर. साठीचा असावा.

"नमस्कार काका, मी खडकीहून बोलतेय..."

पलीकडे खुर्ची करकरली. "प्लग पाहिलात?"

"पाहिला. दोनदा."

"दोनदा पाहणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळालं. बोला."

तिने वही वाचून दाखवली. 'अंग गार' म्हटल्यावर पलीकडे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"मेमरीची पट्टी सैल झाली असेल. यायची गरज नाही, तुम्हालाच जमेल. प्लग काढा. आता नळाला हात लावून या."

"नळाला? कशाला?"

"अंगात वीज असते माणसाच्या. ती उतरवायची. काहींच्या जास्त असते."

दीपमाला नळाला हात लावून आली. स्क्रू काढून वाटीत ठेवले, बाजूचा पत्रा सरकवला, तशी आतून धुळीचा लोटच आला. सांगितली तिथली पट्टी तिने दोन्ही टोकांचे चाप दाबून बाहेर काढली.

"आता खोडरबर घ्या आणि पट्टीचे पिवळे दात हलक्या हाताने पुसा. आहे ना घरात?"

"आहे. पण... स्ट्रॉबेरीच्या वासाचा आहे. चालेल?"

"कॉम्प्युटरला विचारून सांगतो."

पट्टी पुन्हा बसवली, बटण दाबलं, आणि पडद्यावर निळं चित्र उमटलं. दीपमालाने एवढा मोठा श्वास सोडला की तो बुधवार पेठेत ऐकू गेला असावा.

"थँक यू काका."

"धूळ फार साठलीय आत. धुळीपासून जपा त्याला."

फोन स्पीकरवर होता. हे शेवटचं वाक्य आईने ऐकलं.

आईचं नाव प्रेमला आणि तिच्या हातातली क्रोशाची सुई कधी रिकामी राहात नसे. या घरात मिक्सरला कव्हर होतं, टीव्हीच्या रिमोटला होतं, पाण्याच्या फिल्टरला झालरीचं होतं, आणि गॅसच्या सिलिंडरला लाल घागरा होता. बुधवारपर्यंत सीपीयूलाही गळ्यापासून पायापर्यंत गुलाबी अंगरखा मिळाला. दीपमालाला बरंच वाटलं. तिने वहीत उपायाच्या रकान्यात लिहिलं : 'धुळीपासून जपण्याची सोय आईने केली.'

त्याच दुपारी कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला.

मग रोजच. "काका, आज बावीस मिनिटं चालला," ती चार वाजून एक मिनिटाने फोन करून सांगे. "काका, बंद पडायच्या आधी पंखा कण्हला." "काका, हात लावला तर अंग कढत आहे हो..." काकाही विचारत. प्लग सैल आहे का? एक्स्टेन्शनवर फ्रिज तर नाही ना? आणि मग हळूच, फोनमागे खोकणाऱ्या मैत्रीबद्दल, "मुलीचा खोकला कसा आहे?"

शनिवारी काका म्हणाले, "एकदा बघूनच जातो."

दार उघडलं तर समोर हेल्मेट हातात घेतलेला एक तिशीचा माणूस. कपाळावर हेल्मेटचा वळ, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि डोळे... डोळे हसू दाबून ठेवल्यासारखे.

"काका नाही आले?" दीपमालाने विचारलं.

"काका मीच."

तिच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत लाली चढली.

"आजोबांचं नाव आहे," तो म्हणाला. "दुकानही त्यांचंच, ते रेडिओ दुरुस्त करायचे. मला दोन्ही मिळालं."

"मग मी इतके दिवस काका म्हणत होते, तेव्हा सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या आदराने म्हणत होतात. मोडवेना."

आईने त्याच्या काळ्या बोटांकडे एकदाच पाहिलं आणि तो चपला काढतोय तेवढ्यात गुलाबी कव्हर काढून कपाटात ठेवलं. दुरुस्तीवाल्याचे हात, डाग पडला तर? तो गेल्यावर पुन्हा घातलं. दीपमाला सगळ्यावर लक्ष ठेवणारी बाई. मैत्रीच्या कपाळावर एक घामोळं उठलं तरी तिला कळे. पण घरातली कव्हरं ती जन्मापासून बघत आली होती, आणि म्हणूनच तिला ती दिसत नव्हती.

बद्रीनाथने डबा उघडला. "बॅटरी धरता का?"

तिने मोबाइलचा टॉर्च लावून धरला. प्रकाश पंख्यावर पडायला हवा होता, तो सारखा त्याच्या कानामागे जात होता.

"इकडे," तो मान न वळवता म्हणाला. "माझ्यात काही बिघाड नाही."

"हात दुखला म्हणून..."

"हो, तसंच असेल."

त्याने पंखा साफ केला, प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलली, वायरी हलवून बघितल्या. मशीन तासभर बिनतक्रार चाललं. तेवढ्यात त्याला वही दिसली. "बघू?" म्हणत त्याने पान उघडलं, आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवत वाचत गेला.

"लोक येतात आणि सांगतात, 'बंद पडलाय.' संपलं," तो शेवटी म्हणाला. "इतकं लक्ष देऊन कुणी... तापतोय हे नक्की. का तापतोय ते कळत नाही. ही सोय म्हणजे काय केलीय आईंनी?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"छान. फडकं मारत असतील रोज," तो म्हणाला आणि पान उलटलं.

तो गेला आणि अर्ध्या तासात कॉम्प्युटर बंद पडला.

सोमवारी आला, बुधवारी आला. तो असेपर्यंत मशीन शहाण्या मुलासारखं वागे. आई त्याच्यासाठी चहात आलं किसायला लागली. त्याला फसत चाललेल्या दुरुस्तीची एवढी लाज वाटत होती की त्याने पैशांचा विषयच काढू दिला नाही.

"माझंपण पोट डॉक्टरकडे गेलं की दुखत नाही," मैत्री बुधवारी म्हणाली.

दीपमालाने वही चाळली. पोरीचं खरं होतं. दहा दिवसांत मशीन नऊ वेळा बंद पडलं होतं, आणि बद्रीनाथसमोर एकदाही नाही.

गुरुवारी चार वाजून एक मिनिटाने तिने फोन लावला.

"उद्या मुलाखत आहे माझी. अकराला."

"माहितीय. मी दुसरं मशीन आणून ठेवू का?"

"त्यात कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा भरून मंजुरी घ्यावी लागेल, ती लोकं दोन दिवस घेतात. मी काय म्हणते... तुम्ही येऊन बसाल?"

"बसू म्हणजे? काय करायचं मी?"

"काही नाही. नुसतं असायचं."

पलीकडे हातातलं हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे काम आजवर कुणी दिलं नव्हतं मला," बद्रीनाथ म्हणाला.

शुक्रवारी बुधवार पेठेत त्याच्या दुकानावर एक कागद लागला : 'आज १० ते १ दुकान बंद. कारण विचारू नये.' आणि तो खडकीला आला. इस्त्रीचा आकाशी शर्ट, नखं घासून स्वच्छ, हत्यारांची पिशवी नाही. दीपमालाने पाहिलं आणि दारातून बाजूला व्हायचं विसरली. त्यानेही पाहिलं. तिने मुलाखतीसाठी ठेवणीतली मोतिया साडी नेसली होती.

"बसतो," तो म्हणाला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसला. मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखा.

आईनेही पाहिलं. हत्यारं नाहीत, हात स्वच्छ. म्हणजे आज हा दुरुस्तीवाला नाही, आज हा पाहुणा. आणि पाहुण्यासमोर वस्तू उघड्या-वाघड्या ठेवायच्या नसतात. दीपमाला केस नीट करत होती तेवढ्यात आईने धुऊन, खळ देऊन कडक केलेलं गुलाबी कव्हर टेबलाखाली नीट चढवलं आणि मैत्रीला घेऊन बाहेरच्या जिन्यात जाऊन बसली.

अकरा वाजता पडद्यावर एक चष्मेवाल्या मॅडम आल्या. दीपमाला सुरुवातीला अडखळली, मग मजकुरातली पहिली चूक दिसली तशी तिची भीती गेली. चुका बघणं हे तिचं रोजचंच काम. तीन, चार, सात... मॅडम मान हलवत होत्या.

अकरा अठराला पंखा कण्हला.

पायाशी ऊब लागत होती. तिने नजर दाराकडे वळवली, पण स्टूल रिकामं होतं. बद्रीनाथ हातापायांवर होता. आकाशी शर्टासकट फरशीवरून रांगत, कॅमेऱ्याच्या खालून तो टेबलाकडे येत होता. टेबलाखाली त्याला झालर दिसली आणि तो थांबला. मग त्याने कव्हर अलगद ओढून काढलं, तसा आतला पंखा मोकळा श्वास घेतल्यासारखा घरघरला आणि शांत झाला. त्या आनंदात तो उठायला गेला.

डोकं टेबलाला असं लागलं की पडद्यावरच्या मॅडमही हलल्या.

"काय झालं? कुणी आहे का तिथे?"

दीपमालाने खाली बघितलं. एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात गुलाबी कव्हर. दोन डोळे वर तिच्याकडे.

"घरचेच आहेत," ती म्हणाली.

"बरं. बर्फ लावा म्हणावं. पुढचा परिच्छेद बघू."

पुढची चाळीस मिनिटं बद्रीनाथ टेबलाखालीच बसून राहिला. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

मुलाखत संपल्यावर तो बाहेर आला आणि जिन्यातून परतलेल्या आईसमोर त्याने कव्हर धरलं. "हे काय आहे?"

"धुळीपासून जपा, असं तुम्हीच सांगितलंत," आई म्हणाली. "स्पीकरवर."

"मीच सांगितलं," बद्रीनाथ म्हणाला आणि हसता हसता पुन्हा स्टुलावर बसला. दीपमालाही हसली. दोघं इतकं हसले की मैत्रीलाही कारण न कळता हसू आलं. मग हसणं ओसरलं, आणि काय उरलं ते दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"आता दहा वर्षं काही व्हायचं नाही याला," तो म्हणाला. वाईट बातमी सांगावी तसं.

"म्हणजे..."

"म्हणजे माझं काम संपलं."

ती आत जाऊन बर्फ घेऊन आली, तर तो वही टेबलावर ठेवून हेल्मेट चढवत होता. टेंगळामुळे ते नीट बसत नव्हतं.

शनिवारी फोन करायला काही कारण नव्हतं. रविवारीही नव्हतं. चार वाजून एक मिनिटाने ती दोन्ही दिवस सीपीयूकडे आशेने बघत राहिली. तो मेला ठणठणीत होता.

सोमवारी मेल आली. एक जूनपासून नोकरी. संजयदादाला पलंगाची जागा पुन्हा कपाटाला देता आली. मैत्रीला उचलून दोन गिरक्या घेतल्यावर दीपमालाने शेवटची नोंद करायला वही उघडली, आणि तिथे नोंद आधीच होती. तिरकं, घाईचं अक्षर.

'शुक्रवार, १२.२५. बद्रीनाथ, वय ३३. लक्षण : खडकीहून फोन येणार नाही या विचाराने आतापासूनच घरघर. प्लग पाहिला. दोनदा. उपाय :'

पुढचा रकाना रिकामा.

घड्याळात पावणेदोन झाले होते. एक ते चार फोन करू नये. तिने केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बद्रीनाथ."

"नोकरी लागली."

"अहो, वा..."

"आणि वही पाहिली. आत्ताच."

तिने रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं.

"उपाय लिहितेय," दीपमाला म्हणाली. आवाज अगदी डॉक्टरसारखा. "एक ते चार दुकान बंद असतं ना?"

"आजोबांच्या काळापासून. कुणासाठी उघडत नाही."

"उघडू नका. त्या वेळात खडकीला यायचं. हत्यारं आणायची नाहीत."

"किती दिवस?"

"लक्षणं जाईपर्यंत."

"आणि... गेलीच नाहीत तर?"

दीपमालाने मान वळवली. दारात आई निळ्या दोऱ्याचा गुंडा घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई तुमच्या हेल्मेटचं माप विचारतेय," दीपमाला म्हणाली.

पलीकडे तो खोकल्यासारखा हसला.

"मीच घेऊन येतो. फक्त वीण सैल ठेवा म्हणावं," तो म्हणाला. "आतल्याला हवा लागते."