वासाची साक्ष

वायरमनच्या बायकोचं त्या दुपारचं काम तसं साधंच होतं. चौकशी समितीपुढे जायचं आणि विचारतील तेवढं खरं सांगायचं. आता नुसतं खरं सांगून कुणाचं भलं झालंय, ते सोडा.

तिचा नवरा खांबावरून पडला आणि डावा पाय मोडला. पोटरीला जखमही होती. डॉक्टरांनी जखमेवरूनच प्लास्टर घातलं. दोन-तीन दिवसांत ताप चढला आणि प्लास्टरमधून गोडसर, कुजका वास यायला लागला. ती डॉक्टरांच्या मागेमागे फिरली.

"डॉक्टर, वास येतोय हो."

"प्लास्टर आहे बाई. थोडाफार वास येणारच."

उघडलं तेव्हा वेळ निघून गेली होती. जीव वाचवायला पाय मांडीपासून कापावा लागला. जन्मभर खांबांवर सरसर चढलेला गडी, आता खाटेवरून उतरायला बायकोचा खांदा शोधायचा. तिचं काळीज तुटेल नाही तर काय!

आणि डॉक्टर म्हणत होते, वासाबद्दल मला कुणी बोललंच नाही. तिची वकीलबाई भली होती, पण तिनेही हात टेकले. "ताई, वास कागदावर येत नाही हो."

कागदावर नसेल येत, घरी मात्र येत होता. रोज जेवणं झाली की खोली कोंदट व्हायची, चादर डाव्या बाजूला हळूच फुगायची आणि तोच गोडसर वास... पहिल्यांदा ती किंचाळलीच. नवरा मात्र किती दिवसांनी हसला.

"घाबरतेस काय वेडे... पाय आलाय."

तेव्हापासून ती रोज तिथे बसून हात फिरवायची. हाताखाली खरखरीत, तापलेलं प्लास्टर लागायचं. भीती वाटायची, का नाही वाटणार? पण तेवढ्या वेळात नवऱ्याला शांत झोप लागायची. म्हणून ती फिरवत राहायची.

त्या दुपारी निघताना त्याचा डोळा लागला होता. ती चादरीपाशी वाकली.

"चल माझ्याबरोबर," ती कुजबुजली. "एकदाच. माझं कुणी ऐकत नाही रे... तू सांग त्यांना."

चादर हळूहळू खाली बसली.

समितीपुढे डॉक्टर अगदी निवांत होते. "कसलाही वास नव्हता," ते म्हणाले, आणि थबकले. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"खिडक्या... खिडक्या उघडा जरा."

खिडक्या उघड्याच होत्या. बाकी कुणालाच वास येत नव्हता. तिलासुद्धा नाही.

"कसला वास, डॉक्टर?" अध्यक्षांनी विचारलं.

डॉक्टर टेबलाखाली बघत होते. चेहरा पांढराफटक. "सांगितलं होतं तिनं," ते पुटपुटले. "रोज सांगत होती... याला बाजूला घ्या हो कुणीतरी..."

ती धावतच घरी आली. "अहो, कबूल केलं त्यांनी! सगळ्यांसमोर!"

नवरा भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. पाय कापला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"जागा झालो तर डावी बाजू रिकामी गं. मधेच उठून गेला. असं कधी करत नाही तो."

तिने जवळ बसून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग पोरासारख्या आवाजात म्हणाला, "आणि तिथेच सोडून आलीस? अगं, त्याला एकट्याला चालता कुठं येतंय?"

तिने त्याचं डोकं कुशीत घेतलं. लढाई जिंकल्यात जमा होती आणि दोघं घरात कुणी गेल्यासारखी रडत होती.

कातरवेळी खाली जिन्यावर धप्प वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग एक पायरी वर, धप्प.

तुम्ही म्हणाल, वरचा भाडेकरू असेल. तो दोन पायांवर चढतो.

तिने पदराने डोळे पुसले आणि कडी काढायला उठली.