मागची डावी काच

पेणकरपाड्यात उदयचं गाड्यांच्या एसीचं छोटंसं गॅरेज होतं. टुरिस्ट गाड्या, टेम्पो, लग्नाच्या बस असली गिऱ्हाइकं. २००७च्या उन्हाळ्यात तिथं एक हत्तीएवढी परदेशी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा गल्लीतल्या रिक्षांना वळसा घालून जावं लागलं. गाडी जुनीच होती, पण आतलं लेदर इतकं मऊ की उदयनं बसण्याआधी पँट झटकली.

मालक जितेश. मीरा रोडला त्याचं टाइल्सचं दुकान. त्याची सात वर्षांची आरोही दम्याची पोर. तिला ठाण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे घोडबंदर रोडची धूळ आलीच. बंद काचांआड, गारव्यात तिला नेता यावं म्हणून या बापानं ऐपत ताणून ही गाडी घेतली होती. आणि नेमकी याच गाडीत तिला धाप लागत होती.

"स्कूटरवर एवढं नव्हतं, उदयभाऊ," जितेश म्हणाला. "ह्यात बसली की वरसावेच्या पुलाआधीच पंप काढावा लागतो. आणि ती मागची डावी काच बघा. आतून धुरकट होते. तिथं कोण बसत पण नाय."

आरोही बसायची उजवीकडे, बापाच्या मागं. डावी जागा रिकामी.

उदयला पहिला संशय आला पुराचा. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून लोकांच्या गळ्यात मारल्या गेल्या होत्या. त्यानं गालिचा उचलला, खाली हात घातला, नाक घालून वास घेतला. सगळं कोरडं ठणठणीत. पाणी बाहेर सोडणारी नळी मोकळी, हीटर गळत नव्हता, गॅस पुरेसा. बाहेरची हवा आत घेणारी झडप नीट उघडत-मिटत होती. प्रत्येक सीटसाठी वेगळं तापमान ठेवायची सोय होती, तीही चोख. गाडीत खोट म्हणून सापडेना.

पण एसी चालू केला की डावी काच धुरकटायचीच. आधी तळहाताएवढा डाग, मग तो आटायचा, मग पुन्हा पसरायचा. उदयनं तो बोटानं पुसला. ओल लागली. डाग पुन्हा त्याच जागी आला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

हवा कुठून गळते ते बघायला उदयकडे एकच हत्यार होतं, अगरबत्ती. पंखा बंद करायचा, काचा लावायच्या आणि धूर कुठं वळतो ते पाहत सगळ्या फटींवरून काडी फिरवायची. धूर सगळीकडे सरळ वर जात होता. डाव्या सीटजवळ मात्र तो वाकला, सीटच्या दिशेनं ओढला गेला, थबकला आणि परत बाहेर आला. मग पुन्हा आत.

त्याची बायको पंचशीला चहा घेऊन आली होती. ती काचेतून बराच वेळ ते बघत राहिली. उदयनं दार उघडलं तेव्हा तिनं कप त्याच्या हातात दिला नाही, बॉनेटवर ठेवला.

"अहो, हे श्वास घेतंय."

"प्रेशरचा फरक असतो."

"मग बाकीच्या ठिकाणी कसा नाही?"

उदयनं चिडून अगरबत्ती जमिनीवर घासून विझवली.

"देऊन टाका गाडी परत," ती म्हणाली.

"अगं, पोरीला त्रास होतोय. दुसरा कोणी नुसता गॅस भरून गाडी परत पाठवेल." ते खरंच होतं. शिवाय गाडी सोडायला बापाबरोबर आलेली ती चुणचुणीत पोर त्याला फार आवडली होती.

त्यानं मग आपल्या धंद्यातला नेहमीचा जुगाड केला. डाव्या सीटकडे हवा नेणारी वाट फोम कोंबून, वर टेप मारून बंद केली. सगळी हवा आता आरोहीकडे जाणार होती. तिकडं हवाच मिळाली नाही तर ते श्वास घेणार कुठून, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण हा काय विचार करतोय म्हणून तो स्वतःशीच ओशाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जितेश पोरीला घेऊन आला. वरसावेपर्यंत चक्कर मारून बघायचं ठरलं. उदय पुढं बसला. जाताना आणि येताना आरोहीची बडबड अखंड चालू होती. पंप खिशातून निघालाच नाही.

गॅरेजसमोर गाडी थांबवली तेव्हा जितेशचे डोळे भरले होते. "एकदा पण धाप नाय लागली तिला," तो म्हणाला. उदयलाही भरून आलं. केलेल्या कामाचं इतकं समाधान त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो उतरला आणि सवयीनं मागं बघितलं.

डावी काच खालपासून वरपर्यंत पांढरी झाली होती. आता डाग आटत नव्हता.

"एक मिनिट, साहेब. इंजिन चालू राहू द्या."

तो वळसा घालून उजवीकडे गेला. आरोहीला काचेवर बोटानं चित्र काढायचं होतं. तिनं तोंडाचा मोठा आ करून काचेवर हा केलं. काच स्वच्छच राहिली. तिनं ती फ्रॉकनं पुसली आणि पुन्हा हा केलं.

काच तशीच.

उदय काचेजवळ वाकला. त्यानं तिला खुणेनं काच खाली करायला सांगितली आणि आपला तळहात तिच्या तोंडासमोर धरला.

"फुंकर मार बघू."

तिनं गाल फुगवले आणि जोरात फुंकलं.

उदयच्या तळहाताला काहीच लागलं नाही.

"लागली ना, काका?" ती हसत म्हणाली.