उत्तर भिंतीवरचा साक्षीदार

नोव्हेंबरात वास्तू-तपासनीस ओदील ब्रुनोने गढीच्या उत्तर भिंतीवर, एका तड्याला आडवी, प्लास्टरची वीतभर पट्टी मारली होती. गवंडी तिला साक्षीदार म्हणतात. भिंत हलली की पट्टी तडकते, आणि मग मालकाचं रडगाणं कोणी ऐकत नाही.

आता मार्च होता. पट्टी तडकली असेल तर चारशे वर्षांची ही संरक्षित वास्तू रिकामी करावी लागणार होती. म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांच्या आन्सेल्म ओझानची रवानगी वृद्धाश्रमात. बायको गेल्यापासून तो इथे एकटाच राहत होता.

"या मॅडम. मोजायला आलात की मला उचलायला?"

"आधी मोजते."

पट्टी शाबूत होती. ओदीलला मनापासून बरं वाटलं. सवयीने तिने तड्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हाच ठोकलेल्या खिळ्यांमधलं अंतर मोजलं. नोव्हेंबरपेक्षा दोन बोटं जास्त. टेप बदलून मोजलं, तरी तेच. पट्टीच्या वर आणि खाली तडा फाकला होता, आणि त्यातून गार, सफरचंदं साठवलेल्या तळघरासारखा वास येत होता.

भिंत सरकली आणि प्लास्टर धड? तिचं डोकं चालेना. चूक एकच असू शकत होती. दगडावरचा चुना न खरवडता पट्टी मारली, तर ती तडकत नाही, नुसती एका बाजूने सुटते. शिकाऊ गवंडीही असं करत नाही. आपण केलं? तिला काही केल्या आठवेना.

तिने छिन्नी काढली.

"धड आहे ती. कशाला डिवचता?" आन्सेल्म म्हणाला.

"खोट्या साक्षीदाराच्या भरवशावर झोपणार तुम्ही?"

"झोपतोच आहे की."

पट्टी अखंड निघाली. खाली स्वच्छ खरवडलेला दगड होता. चूक झालीच नव्हती.

तिने पट्टी पालथी केली. तड्याच्या रेषेत चार खळगे होते, शेजारी अंगठ्याएवढा पाचवा. तिने आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. खळगे लहान पडले.

प्लास्टर वीस मिनिटांत घट्ट होतं. त्या दिवशी वीसही मिनिटं ती समोरून तळवा दाबून उभी होती. आणि भिंत मीटरभर जाडीची, भरीव.

"मस्यू ओझान, या भिंतीत काय आहे?"

"दगड." त्याने पट्टीकडे पाहिलंही नाही.

तड्यातून वाळू गळू लागली. वर तुळई करकरली.

"लावा पुन्हा," तो हळूच म्हणाला. "लवकर."

तिने घाईघाईने प्लास्टर कालवलं आणि थापलं. वाळू थांबली. या वेळी तिने मुद्दाम हात सैल सोडला. पट्टी पडली नाही. उलट आतून तिच्या तळव्यावर दाब आला, एकेका बोटाचा.

"तुम्हाला इथे राहता येणार नाही," ती कसंबसं म्हणाली.

"बरं. मला न्यायला कधी येणार, ते सांगून जा, मॅडम. जरा मोठ्याने. किती दिवस भिंत धरायचीय, ते तिला आत कळायला हवं ना."